आवाजावर आवाज

उर्दूत ‘कान बजना’ असा शब्दप्रयोग आहे. कोणी हाक मारलेली नसताना एखाद्याने ‘जी, आया’ म्हटले, की घरातली वडील मंडळी हसून म्हणतात, ‘तुम्हारे कान बज रहे हैं.’ ही झाली थट्टा. परंतु काही माणसांचे कान खरोखरच वाजतात. बाहेर कसलाही आवाज नसताना त्यांना कानात शिटी, रातकिड्यांची किरकिर, भुंग्याची गुणगुण किंवा वाफ सुटल्यासारखा सूं-सूं आवाज ऐकू येतो. मराठीत याला कर्णनाद म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ विकार सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनादाचा समावेश आहे. अरबी वैद्यकात यालाच ‘तनीन’ म्हणतात. तेव्हा हा विकार मोबाइलने जन्माला घातला, असे म्हणता येणार नाही. मोबाइल आणि इअरबड आल्यामुळे एक नवा प्रश्न मात्र उभा राहिला आहे. ज्याचे कान वाजतात त्याने इअरबड वापरावेत की नाही?

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाची दोन उत्तरे तुम्ही नेहमी ऐकता. घरातील मोठी माणसे म्हणतात, ‘ते कानातले आधी फेकून दे.’ वर्गातील मित्र म्हणतात, ‘आवाज थोडा वाढव, गुणगुण बुडून जाईल.’ माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि मित्राचे उत्तर अधिक घातक आहे. कान वाजत असले तरी इअरबड वापरता येतात. मात्र एका आवाजाला हरवण्यासाठी त्यावर दुसरा आवाज चढवायचा नाही. मग तो पहिला आवाज गाडीचा असो, वरातीचा असो की स्वतःच्या कानातला असो.

असे का, हे समजण्यासाठी कानाच्या आत डोकवावे लागेल. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला एक भाग असतो. त्यात बारीक केसांसारखे टोक असलेल्या पेशी असतात. एका कानात त्या सुमारे १५ हजार असतात. आवाजाच्या लहरी आल्या की हे केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वाऱ्याने गव्हाचे पीक वाकते आणि पुन्हा उभे राहते, तसेच हे. पण वादळ आले की पीक आडवे होते. फार मोठ्या आवाजाने या पेशी तशाच आडव्या होतात, आणि वारंवार तसे झाले तर मरतात. गंमत अशी, की कोंबडीच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात उगवत नाहीत.

पेशी कमी झाल्या की मेंदूकडे जाणारे संदेशही कमी होतात. रेडिओवर स्टेशन नीट लागेनासे झाले की आपण आवाज वाढवतो आणि मग गाण्याऐवजी खरखरच मोठी होते. मेंदूही काहीसे तसेच करतो, असे शास्त्रज्ञ मानतात. हरवलेला आवाज शोधण्यासाठी तो आपली संवेदना वाढवतो आणि ती खरखर आपल्याला शिटीसारखी ऐकू येते. आता विचार करा. ही शिटी बुडवण्यासाठी आपण इअरबडचा आवाज वाढवला, तर उरलेल्या पेशींवरही मार बसेल. ऐकणे आणखी कमी होईल आणि शिटी आणखी वाढेल. तहान लागली म्हणून खारे पाणी प्यावे, तसा हा उपाय आहे.

मग मोठ्यांचे उत्तर बरोबर नाही का? पूर्णपणे नाही. कर्णनाद असलेल्या माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो तो पूर्ण शांततेत. दिवसा उन्हात पणती पेटवली तर तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. तीच पणती रात्री अंधारात सारी खोली व्यापते. कानातल्या आवाजाचेही असेच आहे. रात्री दिवा मालवला, घर शांत झाले, की शिटी मोठी वाटते आणि झोप उडते. अशा वेळी पंख्याचा, पावसाचा किंवा एखाद्या शांत पठणाचा हलका आवाज असला तर बरे वाटते. तो आवाज कानातल्या शिटीपेक्षा थोडा लहानच ठेवायचा असतो, म्हणजे दोन्ही ऐकू येतील इतका. हळूहळू मन शिटीकडे दुर्लक्ष करायला शिकते. हे काम इअरबडही करू शकतात. पण खोलीत छोटा रेडिओ किंवा उशाजवळ मोबाइलचाच स्पीकर असेल तर ते अधिक चांगले, कारण कान मोकळे राहतात. कानात इअरबड घालून झोपणे मात्र मला मुळीच पसंत नाही. आवाज रात्रभर चालू राहतो, कान दाबला जातो आणि मळ आत ढकलला जातो.

आता आवाज किती असावा? आवाज डेसिबल या एककात मोजतात. या मोजणीत एक फसवी गोष्ट आहे. ८० वरून ८३ वर गेलो तर आपल्याला वाटते, तीनानेच तर वाढला! प्रत्यक्षात कानावर आदळणारी शक्ती दुप्पट झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तरी चालेल. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. मोठ्या माणसाचाच हिशेब घेतला तर ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास आणि ९२ ला अवघे अडीच तास, आणि तेही संपूर्ण आठवड्यासाठी! हा हिशेब निरोगी कानांचा आहे. ज्याचे कान आधीच वाजतात त्याने या मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे थांबावे, हे सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात हा आठवड्याचा वाटा कुठे संपतो, ते पाहा. शहाद्याहून धडगावकडे एस.टी. निघाली आणि सातपुड्याचा घाट चढू लागली, की इंजिन घुरघुरते, खिडक्यांच्या काचा खडखडतात. ज्याने घरून निघताना इअरबडचा आवाज बेताचा ठेवला होता, त्याचे बोट आपोआप वरच्या बटणाकडे जाते. गाडी मोठ्याने बोलते, म्हणून गाणे त्याहून मोठ्याने बोलते. गाडी थांब्यावर उभी राहिली की एकदम जाणवते, अरे, हे किती मोठे होते! पण तोवर तासभर गेलेला असतो. नंदुरबारहून रेल्वेने नवापूर किंवा सुरतकडे जाणाऱ्यांचेही तेच. म्हणून मी एक साधा नियम सुचवतो. आवाज नेहमी शांत खोलीत ठरवावा. निम्म्याच्या आसपास ठेवावा आणि बाहेर पडल्यावर तो वाढवू नये. गाडीत गाणे ऐकू आले नाही तर गाणे बंद करावे, खिडकीतून डोंगर पाहावेत. घाटातून जाताना ते गाण्याहून वाईट नाहीत.

कानात नीट बसणारे, रबरी टोकाचे इअरबड घेतले तर बाहेरचा आवाज कमी येतो आणि आतला वाढवावा लागत नाही. काही महागड्या इअरबडमध्ये बाहेरचा आवाज पुसून टाकण्याची सोय असते. त्यांतील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरच्या लहरी टिपतो आणि त्यांच्या नेमक्या उलट लहरी तयार करतो. दोन्ही मिळून आवाज बराच नाहीसा होतो. इंजिनाच्या घरघरीसाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे. पण कर्णनाद असलेल्याने असे इअरबड शांत खोलीत, काही न ऐकता, नुसते कानात घालून बसू नये. बाहेरचे सारे बंद झाले की आतली शिटीच काय ती उरते. रस्त्यावर आणि रेल्वेफाटकाजवळ तर कोणतेच इअरबड नकोत. गाडीचा भोंगा ऐकू येण्यासाठी दोन्ही कान मोकळे हवेत.

आवाज जास्त आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. हातभर अंतरावरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलला आणि तुम्हाला ऐकू आले नाही, तर आवाज जास्त आहे. तुमच्या इअरबडमधले गाणे शेजाऱ्याला ऐकू येत असेल तरीही जास्त आहे. अनेक मोबाइल स्वतःच सूचना देतात, ‘याहून मोठा आवाज कानांना अपायकारक आहे.’ ती सूचना न वाचताच ‘ठीक आहे’ दाबणारी बोटे मी कितीतरी पाहिली आहेत.

या संदर्भात एका गायिकेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अलका याज्ञिक यांचा आवाज तुमच्या आई-वडिलांच्या पिढीने रात्रंदिवस ऐकला. जून २०२४ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केले, की एके दिवशी विमानातून उतरल्यावर त्यांना एकाएकी ऐकू येईनासे झाले. विषाणूमुळे श्रवणाच्या नसेला इजा झाली, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हेडफोनमुळे असे झाले, असे त्यांनी म्हटलेले नाही. लोक मात्र तसेच सांगत सुटले. तरीही त्याच निवेदनात त्यांनी आपल्या चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना फार मोठे संगीत आणि हेडफोन यांबाबत सावध केले.

त्यांच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. त्यांनी ती लपवली नाही. आपल्याकडे मुले कानाची तक्रार लपवतात. वर्गात शिक्षकांचा प्रश्न नीट ऐकू आला नाही तर ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळतो आणि मुलगा गप्प बसतो. कर्णनाद बाहेरून दिसत नाही. हाताला बांधलेले प्लॅस्टर सर्वांना दिसते, कानातली शिटी कोणाला दिसणार? ज्याला ती ऐकू येते त्याने घरी आणि शाळेत सांगितलेच पाहिजे. कारण कधी अगदी साधे असते. कानात मळ साचलेला असतो, पावसाळ्यात कान पिकलेला असतो, एखादे औषध मानवत नाही किंवा अंगात रक्त कमी असते. कान फुटून वाहत असेल तर तो बरा होईपर्यंत इअरबड घालू नयेत आणि एकमेकांचे तर कधीच घालू नयेत. तेल ओतणे, केसांची पिन किंवा काडी घालणे हे उपाय नव्हेत. शिटी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. एकाएकी ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी जावे. त्यावरील औषध पहिल्या काही दिवसांतच गुण देते. नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२० सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अधिक तपासणीची गरज पडली तर मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय श्रवण संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

इथवर सारे मुलांना सांगितले. आता मोठ्यांनाही थोडे सांगितले पाहिजे. मुलाच्या हातातील इअरबड हिसकावून घेणारे वडील त्याच मुलाला लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढे नाचायला घेऊन जातात. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत रात्रभर मोठमोठे ढोल वाजतात. पण ढोल माणसाच्या हातांनी वाजतो, हात थकतात, ढोलवाला दम घेतो. डीजे थकत नाही. उघड्या जागेवर आपण त्याच्यापासून दुप्पट अंतरावर गेलो तर आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. म्हणून कान वाजणाऱ्या मुलाने मागे राहावे, कानात कापसाऐवजी फोमचे बोळे घालावेत. दुसऱ्या दिवशी शिटी वाढलेली वाटली तर एक-दोन दिवस इअरबडला सुटी द्यावी.

परंतु तोच का मागे राहील? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही मर्यादा तेव्हापासून लिहिलेली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की असा आवाज गणेशोत्सवात अपायकारक असेल तर तो ईदच्या जुलूसातही तितकाच अपायकारक आहे. मला हे म्हणणे पटते. कानाला मिरवणूक कोणाची आहे हे कळत नाही. ज्या घरावरून रात्री दहानंतर कर्णा वाजत नाही, त्या घरातील मुलाला अभ्यास करताना इअरबडचा आवाज वाढवावाच लागत नाही.

त्याच नियमांनुसार शाळा आणि रुग्णालय यांच्याभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र ठरवता येते. तेथे दिवसा ५० डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. आपल्या शाळेच्या फाटकापासून हे १०० मीटर कुठपर्यंत जातात, ते एखाद्या सुटीत पावलांनी मोजून पाहा. बस थांबा, चहाची टपरी, मंगल कार्यालय यांपैकी काय काय त्या रेषेच्या आत येते, त्याची नोंद करून मुख्याध्यापकांकडे द्या.