नाकारलेला चमत्कार

तळोजात तरावीह आटोपली की मशिदीबाहेर कधी एखाद्या बाबाच्या चमत्काराचा विषय निघतो. हजरत मुहम्मद (स.) हे अखेरचे पैगंबर, ही मुस्लिमांची श्रद्धा, त्यामुळे नवा पैगंबर पारखण्याचा प्रश्नच नाही. पण कुणाच्या मागे जावे, हा प्रश्न उरतोच. आपल्याच कोकणातल्या दाभोळ बंदरातून सय्यद मुहम्मद जौनपुरी मक्केला गेले आणि 1495 च्या सुमारास तिथे त्यांनी स्वतःला महदी, म्हणजे अखेरच्या काळातला मार्गदर्शक, म्हणवले. बहुतेक उलेमांनी दावा फेटाळला. अनुयायांनी मात्र त्यांच्या दायऱ्यांतले जगणे पाहिले. तिथे आलेले दान सर्वांत सारखे वाटले जाई. चमत्कार मोजण्यापेक्षा ही पारख बरी.

त्याहून कठीण कसोटी मदिनेत लागली. 632 मध्ये पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम याचा इंतकाल झाला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. सूर्यही शोक करतो आहे, असे लोक बोलू लागले. ढोंगी माणसाला नुसते गप्प बसणे पुरले असते! दुःखात बुडालेल्या त्या बापाने मात्र लोकांना समजावले, की कुणाच्या जन्मामुळे वा मृत्यूमुळे सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नसते. ते दिसले की नमाज पढा.