बाळाच्या शीचे दिवस मोजू नका



मागे आम्ही एका वस्तीत नामकरण विधीला गेलो होतो. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातले, मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील झाले, बाळाचे नाव ठेवले. पेढे वाटणे चालू असतानाच आतल्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. बाळ दोन महिन्यांचे, आणि पाच दिवस झाले तरी त्याला शी झाली नव्हती. आजीने एरंडेलाची बाटली काढली होती. आत्याबाई विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावा म्हणत होत्या. शेजारच्या काकूंनी तर निकालच दिला, "सूनबाईचं दूधच जड आहे. डब्याचं सुरू करा."

बाळाची आई कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. बाळ मात्र तिच्या मांडीवर हातपाय हलवत खुदकन हसत होते.

आम्ही तिला चारच गोष्टी विचारल्या. अंगावर नीट पिते का? दिवसाला किती दुपटी ओली करते? पोट हाताला मऊ लागते का? वजन वाढले का? पिणे उत्तम होते, सहा-सात दुपटी ओली होत होती, पोट मऊ होते आणि अंगणवाडीच्या कार्डावर वजनाची रेघ वर चढलेली होती. आम्ही आजीबाईंना म्हणालो, "माय, बाटली फळीवर ठेवा. ह्या लेकराला बद्धकोष्ठ नाही."

असे का म्हणालो, ते सर्वच मातांना ठाऊक असावे म्हणून आजचे हे सदर.

जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत बाळाला काळपट-हिरवी, चिकट शी होते. ४८ तास उलटूनही ती झाली नाही तर आतड्याचा जन्मजात दोष असू शकतो. अशा वेळी घरी थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शी पिवळी व पातळसर होते, आणि पहिला महिनाभर बहुतेक बाळांना दिवसातून तीन-चार वेळा, काहींना प्रत्येक पिण्यानंतर होते. ह्या महिन्यात शी फारच कमी होत असेल तर बाळाला दूध पुरत नसेल, अशी शंका घ्यावी. वजन करून घ्यावे आणि बाळ स्तन नीट तोंडात धरते की नाही, हे आशाताईंना किंवा नर्सबाईंना दाखवावे. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात त्या ह्याचसाठी. त्यांना दारातून परत पाठवू नका.

दीड महिन्यानंतर चित्र बदलते. आईचे दूध बाळाच्या अंगी इतके लागते की मागे चोथा फारसा उरतच नाही. त्यामुळे फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला चार दिवसांनी, कधी आठवड्याने एकदाच शी होते. ती मऊ असली, बाळ पीत-खेळत असले, वजन वाढत असले, तर हा आजार नव्हे. आठवडा उलटला तर मनाच्या समाधानासाठी डॉक्टरांना दाखवावे, पण औषधाची घाई करू नये.

शी करताना बाळ कुंथते, लालबुंद होते, रडते, म्हणूनही घरचे घाबरतात. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी गुदद्वार सैल सोडायचे, हे तान्ह्याला अजून जमत नसते. पाच-दहा मिनिटे कुंथून शेवटी मऊ शी झाली तर काळजी नको. काही आठवड्यांत ते आपोआप शिकते.

मग बद्धकोष्ठ कशाला म्हणायचे? शी कडक, सुकी, शेळीच्या लेंड्यांसारखी येते, करताना बाळाला दुखते, तेव्हा ते बद्धकोष्ठ. दिवस किती गेले यापेक्षा शी कशी आली, हे पाहा.

आता घरगुती उपायांकडे वळू. एरंडेलाने बाळाला जुलाब लागतात, अंगातले पाणी जाते, आणि ठसका लागून तेल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. पानाचा देठ किंवा साबणाची कांडी घातल्याने नाजूक जागेला इजा होते. सहाणेवर उगाळलेल्या गुटीतून जंतू पोटात जाऊ शकतात. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. मधात कधी कधी एका जंतूची बीजे असतात, त्यांच्या विषाने तान्ह्याचे स्नायू लुळे पडतात, आणि त्या आजाराचे पहिले लक्षण पुष्कळदा बद्धकोष्ठच असते. सहा महिन्यांच्या आत वरचे पाणीही नको. भर उन्हाळ्यातही आईच्या दुधातले पाणी पुरते.

आमच्या आज्यांनी हे उपाय मायेपोटी केले, ह्यात शंका नाही. त्यांच्या काळी वस्तीत दवाखाना नव्हता. पण तथागतांनी कालामांना काय सांगितले? परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, हिताचे की अहिताचे ते पडताळून घ्या. हा उपदेश विहारात ऐकायचा आणि घरी बाळाच्या बाबतीत विसरायचा, हे आम्हांला शोभत नाही.

सर्वांत मोठे नुकसान करते ते "दूध जड आहे" हे वाक्य. आईचे दूध जड नसते. उलट डब्याच्या दुधानेच शी घट्ट होते. हे वाक्य ऐकून खचलेली आई अंगावर पाजणे कमी करते, मग दूधही कमी होते, आणि मजुरीचे पैसे डब्यावर जाऊ लागतात. बाळदुधाच्या व बाटल्यांच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कंपनीला जी जाहिरात करता येत नाही, ती आपण शेजारीपाजारी फुकट का करावी?

तरीही काही मातांना कामावर जावेच लागते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे, असे त्यांनी ठामपणे मांडले. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची ही रजा २६ आठवड्यांची झाली. पण धुणीभांडी करणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या आमच्या भगिनींच्या पदरी ती अजून पडत नाही. त्यांनी कामावर जाण्यापूर्वी स्वच्छ हाताने दूध पिळून, उकळलेल्या भांड्यात झाकून ठेवावे. ते तीन-चार तास टिकते, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. घरच्यांनी वाटी-चमच्याने पाजावे.

डबाच वापरावा लागला तर उकळलेले पाणी आधी मोजावे, मग डब्यावर लिहिले तेवढीच पावडर घालावी. पोट भरावे म्हणून जास्त घातली की शी कडक होते, पुरवावी म्हणून कमी घातली की बाळ उपाशी राहते. अशा बाळाला कोमट पाण्याने आंघोळ घालावी, पाय सायकलसारखे हलवावेत, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका हात फिरवावा. हे काम आजीइतके छान कोणाला जमणार?

सहा महिन्यांनंतर मऊ खिचडी, वरण, शिजवून घोटलेली पालेभाजी, पिकलेली पपई आणि घोट घोट उकळून गार केलेले पाणी द्यावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. चहात बुडवलेले बिस्कीट हा बाळाचा आहार नव्हे. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, शी घट्ट होते आणि चहामुळे अन्नातले लोहही अंगी लागत नाही.

पुढील खुणा दिसल्या तर मात्र क्षणभरही थांबू नका: हिरवी उलटी, फुगून टणक झालेले पोट, शीतून रक्त, पांढुरकी शी, पिणे सोडणे, ताप, बाळ लुळे किंवा सुस्त पडणे, लघवी कमी होणे. रात्र असली तरी सरकारी रुग्णालय गाठा, १०८ क्रमांकावर गाडी बोलवा.

त्या नामकरणाच्या घरून दोन दिवसांनी आजीबाईंचाच फोन आला. "झाली बाई एकदाची! पिवळीधम्मक, लोण्यासारखी मऊ. दुपटं भरलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "सुनेला उगाच बोललो आम्ही." आम्ही म्हणालो, "मग तिला तसं सांगा, माय." त्या म्हणाल्या, "सांगितलं. आणि तिला मेथीची भाजी-भाकरी करून वाढली."

भगिनींनो, ज्या घरात चूक कळल्यावर सासू सुनेला तसे सांगते, त्या घरात धम्म नांदतो. बाळाचे वजन दर महिन्याला करा, आईला पोटभर जेवू घाला, आणि तिच्या दुधाला नावे ठेवू नका.

भवतु सब्ब मंगलं!