शुक्र अल्लाहचा, हिशेब पुढाऱ्यांचा

अल्हमदुलिल्लाह! ताटात शिरखुर्मा असो की नुसती डाळ-भाकरी, शेवटचा घास झाला की हा शब्द आमच्या ओठांवर येतोच. आईबापांनी दिलेली ही दौलत आम्हाला प्यारी आहे. पण या दौलतीवर पुढाऱ्यांचा डोळा आहे. जे आभार अल्लाहचे, ते त्यांना स्वतःच्या खाती जमा करून हवे आहेत.

उर्दू शाळेला एक वर्गखोली मिळाली की मोहल्ल्यात आभाराचा फलक झळकतो. आभार कशाबद्दल? मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यघटनेच्या कलम ३५० (अ)मध्ये सांगितली आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे मोफत शिक्षण हा २००९ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. खोली बांधली ती जनतेच्या करातून. हक्काला मेहरबानी म्हणणे म्हणजे शुक्र नव्हे, ती लाचारी आहे!

आता मेहरबानीचा हिशेब पाहू. २००६ मध्ये सच्चर समितीने देशातल्या मुसलमानांचे मागासलेपण संसदेपुढे मांडले. महाराष्ट्राने २००८ मध्ये महमूदुर्रहमान समिती नेमली. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. निवडणूक तोंडावर आली तेव्हा, जुलै २०१४ मध्ये, ५ टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग त्या वर्षी रोखला नव्हता. तरीही नव्या सरकारने कायदा केला नाही आणि वटहुकूम बाद झाला. सरकार पुन्हा बदलले. २०२० मध्ये विधान परिषदेत त्याच ५ टक्क्यांची पुन्हा घोषणा झाली. कायदा तेव्हाही झाला नाही. एकाने काढून घेतले, दुसऱ्याने नुसतेच दाखवले. दहावीचा निकाल हातात घेऊन प्रवेशाचे विचारणाऱ्या मुलांना आम्ही उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी काय सांगायचे?

यावर समाजातली काही मंडळी म्हणतात, "सब्र करा, अल्लाह पाहतो आहे." तो पाहतोच आहे, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल सांगणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले होते. सब्र म्हणजे संकटात पाय रोवून उभे राहणे. अन्यायापुढे गप्प बसण्याला सब्र म्हणून पुढाऱ्यांची सोय कशाला करायची?

माणसाचे आभार मानणे हीही प्रेषितांचीच शिकवण. जो खरोखर काम करील त्याला आम्ही भर सभेत शाबासकी देऊ, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. पण रोजी देणारा अल्लाह आहे आणि पुढारी आमच्या मतांवर नेमलेला सेवक आहे. सेवकाला हिशेब विचारल्याने ईमान कमी होत नाही.

तेव्हा पुढारी हो, रमजानमध्ये इफ्तारला जरूर या. खजूर आम्ही देऊ. फक्त येताना टोपीबरोबर त्या ५ टक्क्यांचे उत्तरही घेऊन या. मगरिबची नमाज झाली की आम्ही विचारणार आहोत.