डोरेमॉन आपल्यासाठी काढलाच नव्हता

'अ‍ॅनिमे जगभर चालतं कारण त्याला देशच नसतो. मोठे डोळे, रंगीत केस, कुणालाही आपलं वाटावं असं.' निगडी ते हिंजवडी बसमध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की एकदाच लिहून टाकतो : साफ चूक.

नोबिताचं घर आठवा. सरकती दारं, जमिनीवरच्या गाद्या, डोरेमॉन झोपतो ते भिंतीतलं कपाट, सिमेंटचे पाइप पडलेला तो मोकळा प्लॉट. यात 'देश नसलेलं' काय आहे हो? १९६९ च्या डिसेंबरात जपानी शाळकरी पोरांच्या मासिकांत हे सुरू झालं. फुजिको एफ. फुजिओंच्या स्वप्नातही चिंचवडचं पोर आलं नसणार. २००५ मध्ये ते हंगामावर हिंदीत आलं. दोरायाकीचा 'डोरा केक' झाला, पण घर, गल्ली, शाळा तशीच राहिली. आपल्याकडच्या पोरांचं काही अडलं? न केलेला गृहपाठ, आईचा ओरडा आणि दांडगट जियान कळायला तोक्यो पाहावं लागत नाही.

आता उलटं उदाहरण. २०१२ च्या डिसेंबरात कलर्सवर 'सूरज : द रायझिंग स्टार' आलं. 'क्योजिन नो होशी' या साठच्या दशकातल्या गाजलेल्या बेसबॉल मांगाचं खास आपल्यासाठी केलेलं रूप. बेसबॉलचं क्रिकेट, तोक्योची मुंबई. आठवतंय का कुणाला? मला तरी असा एकही भेटला नाही. (हंगामाने डोरेमॉन रोज दाखवून सवय लावली, हे मान्य. पण सवय काय, इतर पन्नास कार्टूनांचीही लावून पाहिलीच की.)

चाकणच्या शॉपफ्लोअरवर कायझेन, कानबान, पोका-योके हे शब्द आपले फिटर सहज वापरतात. तिथे कुणी 'आधी भारतीय करून द्या' म्हणत नाही!

माझं भांडण पुढचं आहे. मराठीत कॉमिक काढतो म्हटलं की लगेच सल्ला : 'हिंदीत कर, ग्लोबल ठेव.' अरे, १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आलेला चिंटू ग्लोबल होता का? आपण आयटीवाले आठवडाभर क्लायंटच्या मनासारखं बनवतो, मग गोष्टसुद्धा क्लायंटसाठीच लिहायची असं वाटायला लागतं. तो क्लायंट अजून भेटलेलाही नसतो.

त्यापेक्षा भोसरीच्या पोराची गोष्ट काढा. बाप थर्ड शिफ्टला, तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी, आणि दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. तळटीप देऊ नका. पालखी म्हणजे काय ते ओसाकाचा वाचक शोधेल की.