कुटुंबाचे आरोग्य : मणक्यावर हात पडण्यापूर्वी

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत सीतापुरा नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. रत्ने व दागिने आणि तयार कपडे यांचे कितीतरी कारखाने तेथे चालतात. पोटापाण्यासाठी तेथे जाऊन राहिलेल्या एका मराठी कुटुंबातील भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांचे यजमान खड्यांना पैलू पाडण्याच्या कामावर आहेत. दिवसाचे नऊ-दहा तास मान खाली आणि पाठ वाकलेली. गेले तीन महिने त्यांची पाठ दुखते आहे. “कायरोप्रॅक्टरकडे जा, तो एका झटक्यात मणका जागेवर बसवून देईल,” असे शेजारी सांगतात. मोबाइलवरील चित्रफिती पाहून यजमानांचेही मन तिकडे ओढ घेत आहे. जावे किंवा कसे, आणि जायचे तर प्रथम काय विचारावे, असा या भगिनीचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून एक ओळ लिहिली आहे : यजमानांना अलीकडे सायंकाळी कणकण वाटते आणि त्यांचे कपडे अंगाला सैल होऊ लागले आहेत. आमच्या मते संपूर्ण पत्रात अधिक महत्त्वाची अशी ओळ हीच होय. ती का, हे पुढे ओघाने येईलच.

हाताने सांधे व मणके हलवून दुखणे दूर करण्याची ही पद्धती अमेरिकेत जन्मास आली. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १८९५ साली हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सेवकाच्या पाठीचा मणका दाबून त्यास ऐकू येऊ लागल्याचा दावा केला, आणि तेथून या उपचाराचा आरंभ झाला असे मानले जाते. ‘कायरोप्रॅक्टिक’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. हाताने केलेले काम, असा त्याचा भावार्थ. बहुतेक सर्व रोग मणके सरकल्यामुळे होतात, असे पामर यांचे प्रतिपादन होते. आजचे शास्त्र ते मान्य करीत नाही, आणि या पद्धतीने काम करणारे अनेक विचारी उपचारकही आता तसे म्हणत नाहीत.

आपल्यालाही हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. पाठीत उसण भरली की पायाळू माणसास बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांतून होती, आणि हाडवैद्याचे घर तर पंचक्रोशीत सर्वांस ठाऊक असे. दुखणाऱ्या जागी जाणत्या माणसाचा हात फिरला की बरे वाटते, हा अनुभव खोटा नाही. प्रश्न एवढाच, की तो हात कोणाचा आहे आणि आत कोणते दुखणे आहे हे त्यास कळले आहे काय?

या उपचाराचा उपयोग कितपत आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ज्या दुखण्यामागे दुसरा रोग नाही, अशा दुखण्यात व्यायाम, रुग्णास योग्य माहिती देणे इत्यादी उपायांबरोबर मणके हाताने हलविण्याच्या उपचारासही तीत अटींसह स्थान दिले आहे. लाभ होतो, परंतु तो माफक असतो. दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा मुलांचे अंथरूण ओले करणे यांवर हाच उपाय चालतो असे कोणी सांगू लागल्यास तेथून नम्रपणे उठावे हे बरे.

चित्रफितींत ऐकू येणारा ‘कट्’ असा आवाज हा हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातील वंगणासारख्या द्रवात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी निर्माण होते, आणि त्याच वेळी हा आवाज येतो. आपण बोटे मोडतो तेव्हा होते तेच येथे होते. आवाज मोठा म्हणून गुण मोठा, असे मुळीच नाही.

पहिल्या भेटीत काय घडावयास हवे, ते आता पाहू. चांगला उपचारक रुग्णास आल्याबरोबर पालथे निजवीत नाही. दुखणे केव्हा सुरू झाले, रात्री जाग येते काय, ताप, वजन, पूर्वीचे आजार, चालू असलेली औषधे यांची तो चौकशी करतो. पायांतील शक्ती, संवेदना व गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासतो. प्रत्येकास क्ष-किरण चित्र काढावे लागतेच असे नाही. पण शंका असता ते न काढता झटका देणे हा निष्काळजीपणा होय. आपण काय करणार, त्यातील धोका कोणता, किती बैठकांत फरक पडावा, हे तो आधी सांगतो व रुग्णाची संमती घेतो. वीस-पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्यापासून सावध राहावे. काही बैठकांनंतरही उतार न पडल्यास उपचार थांबवून पुन्हा तपासणी करणे, हाच प्रामाणिक मार्ग.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे किंवा आखडणे हे पुष्कळांना होते व ते आपोआप थांबते. मानेच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी हवी. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. मानेस वेगाने झटका दिल्यानंतर अशा धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी नोंदलेली आहेत. मान हलवून नको असे सांगण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे. तो वापरण्यात संकोच बाळगू नये.

उपचारकाचे शिक्षण विचारणे हा उद्धटपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या विद्येच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास, आणि त्यांत देखरेखीखाली रुग्णसेवेचे किमान १,००० तास, असे प्रमाण सुचविले आहे. आपल्या देशात वैद्यकीय व्यवसायाप्रमाणे या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे चार वर्षे शिकून आलेला आणि चार दिवसांचे शिबिर करून आलेला, दोघांच्या दारावरील पाटी एकसारखीच दिसू शकते. पदवी कोणत्या संस्थेची, शिक्षण किती वर्षांचे, हे स्पष्ट विचारावे. भौतिकोपचारतज्ज्ञांचा समावेश मात्र २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्यात केलेला आहे. सांधे हाताने मोकळे करण्याचे उपचार त्यांच्यापैकी अनेकांना येतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हाडे ठिसूळ झालेली, नुकताच अपघात झालेला, पूर्वी कर्करोग होऊन गेलेला, संधिवाताने मान धरलेली, रक्त पातळ होण्याची औषधे चालू असलेली, अशा माणसांनी डॉक्टरांस विचारल्याविना मणक्यास झटका देऊ देता कामा नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायांतील जोर जाणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

आणि सायंकाळची कणकण, घटणारे वजन व हळूहळू वाढणारी पाठदुखी ही एकत्र आली, तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार प्रथम केला पाहिजे. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने १७७९ मध्ये या रोगाचे वर्णन केले. वाळवीने तुळई आतून पोखरावी आणि वरून ती धडधाकट दिसावी, तशी यात मणक्याची अवस्था होते. अशा मणक्यावर जोराचा दाब पडला तर तो खचून मज्जारज्जू दाबला जाण्याची व पाय लुळे पडण्याची भीती असते. त्यातून खडे घासणाऱ्या कारागिरांच्या श्वासात गारेची बारीक धूळ जात असेल, तर त्यांना क्षयाचा धोका इतरांहून अधिक असतो.

सबब, सीतापुऱ्याच्या भगिनीस आमचे सांगणे असे : आपल्या यजमानांस क्षयच झाला आहे, असे आम्ही म्हणत नाही, पत्रावरून निदान होत नसते. परंतु आज तरी त्यांच्या पाठीस कोणी झटका देऊ नये. आपल्या वसाहतीतच महात्मा गांधी रुग्णालय आहे, जयपुरात सरकारी सवाई मानसिंह रुग्णालय आहे. या आठवड्यातच तेथे अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे, आणि कणकणीची व वजनाची गोष्ट सर्वांत आधी सांगावी. रक्ताची तपासणी, छातीचे व पाठीचे चित्र, जरूर वाटल्यास एमआरआय, एवढ्याने बहुतेक उलगडा होईल. क्षय निघालाच तर त्याची औषधे सरकारी योजनेत विनामूल्य मिळतात. मणक्याच्या क्षयासाठी ती साधारणतः वर्षभर घ्यावी लागतात, आणि वेळीच सुरू केल्यास पुष्कळ रुग्ण पूर्ण बरे होतात.

तपासणीत काही न निघाल्यास तर चिंताच मिटली. मग भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जावे, वा पूर्ण शिकलेल्या कायरोप्रॅक्टरकडे. वर सांगितलेले प्रश्न मात्र विचारावेत. तथापि कोणाचाही हात आठवड्यातून एक-दोनदाच पाठीवरून फिरणार. उरलेले सारे दिवस पाठ वाकवणारे काम तसेच चालू राहणार. म्हणून दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे ताठ चालावे, कामाचे टेबल किंचित उंच करून घ्यावे, उजेड हाताजवळ आणावा, धुळीसाठी योग्य मुखपट्टी मागून घ्यावी आणि सांगितलेला व्यायाम नेमाने करावा.

वाचकहो, दुखण्याने गांजलेला माणूस झटपट सुटकेचा मार्ग शोधतो, यात नवल नाही. अशा वेळी त्याच्या बोलण्यात सहज येऊन गेलेली एखादी ओळ ऐकून ठेवणे आणि ती डॉक्टरांच्या कानावर घालणे, हे घरच्या माणसांचे काम आहे. या भगिनीने ती ओळ लिहिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.