चुलत भावाचे ब्रेक

मोठ्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर चढतो, ही आपल्या घरांतली जुनी रीत. मोटारींच्या घराण्यातही ती चालते. जुन्या जीपला बोलेरोचे डिस्क ब्रेक बसवतात, मारुती 800 ला झेनचे. 800 रस्त्यावर आली 1983 साली, झेन 1993 साली. धाकटी अधिक वेगवान, म्हणून तिचे ब्रेकही अधिक दमदार. मग ते थोरलीला का लावू नयेत? या प्रश्नाचे उत्तर मला सुरतेच्या गोडादऱ्यात मिळाले. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक असूनही ते मला पुस्तकात सापडले नव्हते, हे आधीच कबूल करतो.

माझे मामा मूळचे साक्री तालुक्यातले. यंत्रमागांच्या मागे खानदेशातली असंख्य कुटुंबे सुरतेला गेली, त्यांत तेही गेले. गोडादरा, डिंडोली, लिंबायत या वस्त्यांत आजही मराठी आणि अहिराणी सहज कानांवर पडते. मामांनी आयुष्यभर मागावर उभे राहून पैसा जोडला आणि उतारवयात एक जुनी मारुती 800 घेतली. गावी लग्नकार्याला जायचे म्हणजे वाटेत कोंडाईबारीचा घाट. मूळ ब्रेक दाबताना पाय दुखतो, म्हणून त्यांनी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये पुढच्या चाकांना झेनचे डिस्क आणि कॅलिपर बसवून घेतले. त्यासाठी चाकेही बारा इंचांऐवजी तेरा इंचांची घेतली.

2012 च्या मे महिन्यात एक लग्न आटोपून आम्ही पाच जण साक्रीहून सुरतेला परतत होतो. मी पुढे बसलो होतो. "बघा भाचेबुवा, पाय ठेवला की गाडी थांबते," मामा कौतुकाने म्हणाले. मीही मान डोलावली. घाट अर्धा उतरलो आणि ब्रेकचा पेडल लोण्यात बोट जावे तसा खाली गेला. मामांनी भराभर पंप मारले, गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराच्या कडेला घासत थांबली. कोणाला खरचटलेही नाही. मामी मात्र बराच वेळ बोलल्या नाहीत.

असे का झाले? हिशेब सोपा आहे. माणसांसह 1000 किलो वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगावरून थांबवताना ब्रेकमध्ये सुमारे 1.4 लाख जूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी घाटात वेग न वाढवता केवळ ब्रेकवर 100 मीटर खाली उतरवली, तर 9.8 लाख जूल. म्हणजे एकामागून एक सात वेळा गाडी थांबवल्यासारखे! ही उष्णता डिस्क हवेत सोडते, पण काही भाग ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचतो. हे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट-3 जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. मग पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचणार कसा?

दुसऱ्या दिवशी गोडादऱ्यात गाडी उघडली. तेल उकळलेल्या चहासारखे काळे. मागच्या ड्रममधले शू झिजून पत्र्याला आलेले. मास्टर सिलिंडर जुनाच. येथे पास्कलचा नियम आठवावा. कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास एक दशांशाने वाढवला, तर क्षेत्रफळ 21 टक्के वाढते. जोर वाढतो खरा, पण पिस्टन तेवढाच सरकवायला तेलही 21 टक्के अधिक लागते, म्हणजे पेडल अधिक खोल जातो. वाफेला गिळण्यापुरती जी थोडी जागा पायाखाली शिल्लक होती, ती आम्ही आधीच खर्च केली होती. हा नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. मामांच्या गाडीत बसताना तो घरी ठेवून आलो होतो.

दोष एकट्या मिस्त्रीचा नव्हता. "पुढचे तेवढे बघ, बाकीचे चालू आहे," असे मामांनीच खर्चाच्या भीतीने सांगितले होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे. भावंड गाडीचा भाग वापरणे यात कमीपणा नाही; त्याला 'जुगाड' म्हणून नाके मुरडणाऱ्या शिकलेल्यांनी मिस्त्रीच्या हातातली विद्या आधी पाहावी. परंतु ब्रेक ही एक वस्तू नसून साखळी आहे. पेडल, मास्टर सिलिंडर, तेल, नळ्या, पुढचे-मागचे प्रमाण आणि शेवटी टायर. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गिरकी घेते. आणि चाक जाम करण्याइतका जोर मूळ ब्रेकमध्येच असेल, तर एका दमात थांबण्याचे अंतर मोठी डिस्क फारसे कमी करणार नाही. तेथे रस्ता धरायचा असतो टायरने. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग वारंवार तापण्याला तोंड देण्याचा. तेव्हा पहिला खर्च ताज्या तेलावर, शूंवर आणि टायरवर करावा. बहुतेकांची गरज तेथेच भागेल.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले, की उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. घाटात उद्या समोरून येणाऱ्या एस. टी. त आपलेच लोक बसलेले असतात, हे ध्यानात घेतले तर या नियमाचा राग येणार नाही.

आपल्या भागातून कोकणात उतरायचे तर आंबोली, गोव्यात उतरायचे तर चोर्ला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी जुनी गाडी असेल. या सुट्टीत एवढेच करा: ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, ते घरी विचारा. उत्तर कोणालाच आठवले नाही, तर डिस्कची चर्चा पुढे ढकला आणि आधी मिस्त्रीकडे जा.

मामांनी पुढे गाडी मूळ ब्रेकवर आणली. पाय दुखतो अशी तक्रार अजून करतात. मामी म्हणतात, "दुखू द्या."