गाणं गाजवलं व्हिटनीने, लिहिलं कोणी?



आपल्या रविवार पुरवणीत ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटाच्या गाण्यांवर आलेला लेख आवडीने वाचला. व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजावर लेखकाचा जीव आहे हे ओळीओळीत दिसतं, आणि असायलाच हवा. माझी तक्रार वेगळी आहे. लेखात ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ या गाण्याचा उल्लेख वारंवार येतो, पण डॉली पार्टन हे नाव एकदाही येत नाही. वर, शेवटी निकाल दिला आहे की एका गायिकेने एकटीच्या बळावर पडेल चित्रपट तारला. ‘एकटीच्या बळावर’ हे साफ चूक आहे.

आधी अल्बमचंच पाहू. नोव्हेंबर १९९२ मध्ये तो बाजारात आला, अमेरिकेच्या यादीत २० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, जगभरात त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि १९९४ साली त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. मुखपृष्ठावर व्हिटनीचं नाव असलं तरी तिची गाणी पहिली सहाच. पुढे जो कॉकर आहे, लिसा स्टॅन्सफील्ड आहे, केनी जीचा सॅक्सोफोन आहे, ॲलन सिल्व्हेस्ट्रीचं पार्श्वसंगीत आहे. त्या सहांतही निम्मी गाणी चित्रपटासाठी लिहिलेली नाहीत. ‘आय ॲम एव्हरी वुमन’ हे चाका खानने १९७८ मध्येच गाजवलेलं, अ‍ॅशफर्ड आणि सिम्प्सन या जोडीने रचलेलं. ‘जीझस लव्ह्ज मी’ हे चर्चमधल्या लहान मुलांचं जुनं भजन. आणि ज्या गाण्यासाठी लोकांनी कॅसेटी घेतल्या, ते तर जवळजवळ वीस वर्षं जुनं. ऑस्करच्या नामांकनात या चित्रपटाची दोन गाणी होती, पण त्यांत हे नव्हतं. चित्रपटासाठी नव्याने लिहिलेलं नसल्याने ते पात्रच नव्हतं.

ते डॉली पार्टन यांनी १९७३ मध्ये लिहिलं. पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून त्या नावारूपाला आल्या होत्या, आता स्वतःची वाट धरायची होती, आणि वॅगनर सोडायला तयार नव्हते. भांडून उपयोग होईना, तेव्हा पार्टन यांनी गाणं लिहून ते वॅगनर यांनाच ऐकवलं. म्हणजे हा प्रियकराचा निरोप नव्हेच. ज्याच्या हाताखाली काम केलं त्याचा मानाने घेतलेला निरोप आहे. चित्रपटाची गोष्ट आठवून पाहा. रेचल ही प्रसिद्ध गायिका, फ्रँक तिच्या पगारावरचा अंगरक्षक. प्रेम जमतं, पण मालकीण आणि नोकर हे नातं मधून हलत नाही, आणि अखेर दोघं आपापल्या वाटेने जातात. फ्रँकची भूमिका करणाऱ्या केव्हिन कॉस्टनरने हे गाणं सुचवलं ते आधी ठरलेलं दुसरं गाणं एका वेगळ्या चित्रपटात वापरलं गेल्यामुळे. योगायोगच, पण गाणं बसलं ते मुळात तसं लिहिलेलं होतं म्हणून.

पटकथेने ते पेरलंही नीट आहे. फ्रँक रेचलला एका साध्याशा बारमध्ये नेतो. तिथे हेच गाणं एका पुरुषाच्या आवाजात, कंट्री ढंगात वाजत असतं, आणि नाचता नाचता रेचल त्याच्या रडकेपणाची थट्टा करते. ज्या गाण्याला ती हसली, तेच शेवटी विमानतळावरच्या निरोपाच्या वेळी तिच्या गळ्यातून येतं. हा प्रसंग काढून घ्या आणि मग नुसता आवाज काय करतो ते बघू.

आवाजाचं श्रेय मी नाकारत नाही. सुरुवातीला पाऊण मिनिटाच्या आसपास एकही वाद्य नाही, नुसता गळा. असं गाणं रेडिओवाले वाजवणार नाहीत अशी भीती होती, पण कॉस्टनर हटला नाही. नंतर कर्क व्हेलमचा सॅक्सोफोन, मग क्षणभर सगळं थांबतं, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि पट्टी पूर्ण एका स्वराने वर चढते. तिथे व्हिटनी जे करते ते दुसऱ्या कोणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. खुद्द पार्टन यांनी सांगितलं आहे की गाडी चालवताना हे गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागलं, तेव्हा त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

पण त्याआधीची एक गोष्ट आपल्या लेखात हवी होती. निर्माते डेव्हिड फॉस्टर यांनी गाणं बसवलं ते लिंडा रॉनस्टॅटच्या १९७५ च्या ध्वनिमुद्रणावरून. त्यात शेवटचं कडवं नव्हतंच. फॉस्टर यांचं पार्टन यांच्याशी फोनवर बोलणं झालं, तेव्हा पार्टन यांनी ते राहिलेलं कडवं सांगितलं. त्यात जाणारी बाई मागे राहणाऱ्याचं भलं चिंतते. तेवढं गाळलं असतं तर उरला असता निव्वळ विरह, आणि विरहाची गाणी काय कमी आहेत?

याच गाण्यासाठी एल्व्हिस प्रेस्लीही उत्सुक होता. त्याच्या व्यवस्थापकाने अट घातली, प्रकाशनाचे निम्मे हक्क द्या. पार्टन यांनी नकार दिला, आणि आपण त्या रात्री खूप रडलो हेही त्यांनी लपवलेलं नाही. हक्क राखल्यामुळे १९९२ नंतरचा पैसा त्यांच्याकडे आला. त्यातून नॅशव्हिलच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत जागा घेतल्याचं त्यांनी २०२१ मध्ये सांगितलं.

आपल्याकडे काय व्हायचं? चित्रपटाच्या करारावर सही केली की गीतकाराचा आणि संगीतकाराचा गाण्याशी पैशाचा संबंध बहुधा संपायचा. कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही असं ठरायला २०१२ साल उजाडलं, आणि त्यासाठी जावेद अख्तर यांना राज्यसभेत उभं राहून भांडावं लागलं. कायद्याने पैसे मिळतील, पण नाव छापायचं की नाही हे शेवटी आपल्यासारख्या संपादकांच्या हातात असतं.

वाचकाला गायकाचंच नाव हवं असतं, हा युक्तिवाद मला पटत नाही. पुणे आकाशवाणीवर १९५५ मध्ये गीतरामायण सुरू झालं. आजही ते बाबूजींच्या गळ्यातूनच आठवतं, म्हणून गीतकार माडगूळकरांचं नाव कोणी गाळतो का? विविध भारतीचा निवेदक अजूनही गाण्याआधी गीतकार आणि संगीतकार सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ते लांबण वाटत नाही. ही सवय मोडली ती मोबाइलवरच्या ॲपांनी, जिथे गाण्याखाली गायकाचं नाव ठळक आणि बाकीचे शोधत बसा. (माझ्या नातवाला ‘चित्रपटातलं गाणं कोणी लिहिलं’ हा प्रश्नच विचित्र वाटतो. दोष त्याचा नाही.) वर्तमानपत्रांनीही तीच री ओढायची असेल तर आमच्यासारख्यांनी पुरवणी उघडायची कशाला?

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या अंकात डॉली पार्टन यांच्या नावाची दुरुस्ती छापावी, आणि यापुढे पुरवणीत ज्या गाण्यावर लिहिलं जाईल त्याच्या गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव लेखात असावं. जागा एका ओळीची लागेल.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली